दारावरचं लाल फडकं

आमच्या गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. ज्यांच्या चुलीवर काहीच नाही, त्यांचं त्याच्याही आधी कळतं. मी लिझेत. घरीच बायकांचे केस कापते, कुरळे करून देते. माझ्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक खुर्ची आहे. बाई एकदा त्या खुर्चीत बसली आणि डोक्याला रोलर गुंडाळले, की पाऊण तास तिला कुठे जाता येत नाही आणि गप्प तर मुळीच बसवत नाही. गावात म्हणतात, बातमी टपालानं पाठवली तर दोन दिवस लागतात, लिझेतकडे दिली तर दोन रोलर. अतिशयोक्ती आहे. तीन तरी लागतात.

त्या खिडकीतून समोर दिसतं ते रोलांदमावशींचं घर. पांढऱ्या फळ्यांचं, हिरव्या कठड्याचं. आज मी सांगणार आहे ते त्यांच्याबद्दल.

रोलांद पोमेर्लो. बुटांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं बुटांचे वरचे भाग शिवले. निवृत्त होताना कारखान्यानं एक घड्याळ दिलं, ते रोज सात मिनिटं मागे पडतं. मावशी ते रोज पुढे करतात आणि रोज कारखान्याला एक शिवी देतात. पाठ ताठ, बोलणं कमी, हसणं रविवारपुरतं राखून ठेवलेलं. लग्न केलं नाही. एकानं विचारलं होतं म्हणे, पण त्याच्या रस आटवायच्या झोपडीत मेपलचा पाक करपला तरी त्याला वास आला नाही, म्हणून यांनी नकार दिला. हे त्यांनीच मला सांगितलं आणि सांगताना अजिबात हसल्या नाहीत.

पाकाच्या बाबतीत त्यांच्याशी चेष्टा चालायची नाही. गावाच्या वरच्या अंगाला वडिलांची मेपलची राई होती. मार्चमध्ये रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं, की झाडांना टांगलेल्या बादल्यांत रस ठिबकायचा आणि राईतल्या झोपडीत तो रात्रंदिवस आटवायचे. मावशी सहा वर्षांच्या असल्यापासून त्या वाफेत उभ्या. बुडबुडा केवढा आहे, तो फुटताना कसा फुटतो, एवढं बघून त्या पाकाचं वय सांगायच्या.

आणि त्या पाकाचा पोमेर्लोंच्या घरचा फज, तोंडात विरघळणाऱ्या वड्यांचा! मेपलचा पाक, शेजारच्या गाईची दाट साय, लोणी, चिमूटभर मीठ आणि परसातल्या झाडाचे अक्रोड. दुकानात मिळतात ते गोल अक्रोड नव्हेत. आमच्याकडचे लांबट, चिकट हिरव्या सालीचे, ज्यांनी बोटं महिनाभर काळी राहतात. सप्टेंबरात दोघी बहिणी चर्चला जायचे जुने, फाटलेले हातमोजे घालून ते सोलायच्या, माळ्यावर वाळवायच्या आणि हिवाळाभर उलट्या ठेवलेल्या इस्त्रीवर हातोडीनं फोडायच्या.

हो, दोघी बहिणी. रोलांदमावशी थोरली, इमेल्दामावशी चार वर्षांनी धाकटी. एकाच घरात राहायच्या, एकाच कारखान्यात जायच्या, चर्चमध्ये एकाच बाकावर बसायच्या. पण स्वभाव दोन टोकांचे. इमेल्दामावशी गोल, मऊ, नाकात बोलणारी आणि सगळ्यांचं खरं मानणारी. दंड मात्र लाकूडतोड्याचे.

तर फज. ज्यांना वाटतं की तो सोपा आहे, त्यांनी एकदा करून बघावा आणि नंतर पातेलं माझ्याकडे घासायला आणू नये. पाक आणि साय उकळायला लागली की चमचा घालायचा नाही. पातेल्याच्या कडेला उडालेला थेंब ओल्या ब्रशनं खाली उतरवायचा. वाडग्यात पाणी आणि मूठभर बर्फ घ्यायचा, त्यात पाकाचा थेंब सोडायचा, बोटांनी वळायचा. मऊ गोळी झाली की रोलांदमावशी म्हणायच्या, "आता." पातेलं त्या क्षणाला खाली. आजवर ते "आता" चुकलं असं मी ऐकलं नाही.

मग ते निवायला ठेवायचं. तळहातावर पातेलं पेलवेल इतकं निवायला हवं आणि तोवर त्याला धक्का लागता कामा नये. एक दार आपटलं, कोणी उगाच बोट घालून बघितलं, की साखर जागी होते आणि सगळं रवाळ. म्हणून त्यांच्या आईनं रीत घातली होती: पातेलं निवत असताना पुढच्या दाराच्या मुठीला लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत कोणी दार वाजवायचं नाही. आत बहिणीही बोलायच्या नाहीत, चालायच्या नाहीत. एकदा आमचे पाद्रीबाबा देणगीचं पाकीट घ्यायला आले, फडकं बघितलं आणि तसेच परत फिरले. देवाच्या कामापेक्षा पाक मोठा ठरला तो आमच्या गावात.

फडकं उतरलं की इमेल्दामावशींची पाळी. लाकडी चमचा आणि दंड. वीस-पंचवीस मिनिटं घोटायचं, नजर चकाकीवर. चकाकी गेली त्या क्षणाला अक्रोड घालायचे, दोन वेढे द्यायचे आणि लोणी लावलेल्या ताटात ओतायचं. जरा आधी ओतलं तर वड्या पडत नाहीत, जरा उशीर झाला तर पातेल्यातच दगड. तो क्षण रोलांदमावशींना कधी ओळखता आला नाही आणि "आता" कधी म्हणायचं ते इमेल्दामावशींना उमगलं नाही. दोघी मिळून एक हलवाई होत्या, असं म्हणा.

आता मी काय केलं ते सांगते.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. चर्चच्या हिवाळी बाजाराच्या आदल्या आठवड्यात इमेल्दामावशी माझ्या खुर्चीत होत्या. रोलरखालून नाकातल्या नाकात म्हणाल्या, "रोलांदसारखा पाक अख्ख्या नदीकाठी कोणाला जमत नाही, लिझेत. मी काय, नुसती घोटते." एवढंच. शब्दाला शब्द हाच.

बाजाराच्या दिवशी त्यांना ताप होता, त्या घरी राहिल्या. टेबलापाशी रोलांदमावशी एकट्या, हातात सुरी, समोर वड्यांचं ताट. गर्दी जमलेली. पाद्रीबाबांनी वडी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि विचारलं, "यात खरं श्रेय कोणाचं?" आता असा प्रश्न माझ्यासमोर कोणी विचारू नये. मी नाकात आवाज काढला, मान इमेल्दामावशींसारखी एका बाजूला केली आणि म्हटलं, "अहो बाबा, आमची रोलांद म्हणजे नुसती चूल. चुलीला कधी कोणी बक्षीस देतं का?"

नक्कल हुबेहूब साधली होती. हशा असा उसळला की शेजारच्या टेबलावरच्या मेणबत्त्या हलल्या. रोलांदमावशीही हसल्या. रविवारचं हसणं, शनिवारी. मग त्यांनी पुढची वडी कापली आणि ती वाकडी कापली गेली. मी त्यांना वाकडी वडी कापताना कधी बघितलं नव्हतं. बघितलं आणि लगेच दुसऱ्या कोणाची तरी नक्कल सुरू केली.

पुढच्या वेळी पातेलं निवलं, फडकं उतरलं, इमेल्दामावशींनी चमच्यासाठी हात पुढे केला. रोलांदमावशी म्हणाल्या, "मी घोटते."

बस्स. भांडण म्हणावं तर एवढंच. आवाज चढला नाही की ताटली फुटली नाही. इमेल्दामावशी पुढल्याच आठवड्यात माझ्या खुर्चीत येऊन रडल्या. "काय झालं काही कळत नाही गं. चमचाच देत नाही." मी म्हटलं, "देतील हो. म्हातारपणी व्यायामाची हौस आली असेल." त्याही डोळे पुसत हसल्या. त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर सगळं अर्ध्या तासात मिटलं असतं. पण रस्त्यापलीकडे जायचं आणि त्या ताठ पाठीसमोर उभं राहून म्हणायचं, की ते शब्द तिचे नव्हते, माझे होते? मला वाटलं, निवेल आपोआप.

नाही निवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सीमेपलीकडच्या मेन राज्यात त्यांचा चुलतभाऊ आल्सीद विधुर झाला, घर सांभाळायला कोणी हवं होतं. इमेल्दामावशींनी दोन बॅगा भरल्या आणि गेल्या. गाव म्हणालं, साठीला टेकल्यावर हिला पुरुषाचं घर सुचलं. गाव म्हणालं म्हणजे, सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातून झाली.

त्यानंतर रोलांदमावशी एकट्याच फज करायच्या. नाताळला आणि ईस्टरला, प्रत्येक घरी एक डबा. कधी वाळूसारखा रवाळ, कधी इतका सैल की वडी उचलली तर मधोमध वाकायची. आम्ही सगळे खायचो. "वा मावशी, तोच हात!" त्या मान हलवायच्या, पण त्यांनाही कळत असणार. जिला पाकाचं वय बघून सांगता येतं, तिला रवा दाताखाली लागत नाही होय? बारा वर्षं कोणी तोंडावर बोललं नाही. मीसुद्धा नाही, आणि माझ्या तोंडाला तर झाकण बसवायचं राहून गेलंय असं माझी आई म्हणायची.

दर नव्या वर्षाच्या सकाळी माझा फोन वाजायचा. मेनहून इमेल्दामावशी.

"रोलांद कशी आहे?"

"ठणठणीत. काल बर्फ उकरणाऱ्या गाडीवाल्याला रस्ता कसा साफ करायचा ते शिकवत होत्या."

हसायच्या. मग, "माझं काही काढते?"

"तुम्हाला तर माहीत आहे त्यांचं."

हे उत्तर मी बारा वेळा दिलं. चतुर उत्तर आहे. खोटं नाही आणि त्यात काही सांगितलेलंही नाही.

मधेच परसातल्या अक्रोडाला रोग लागला. साल काळी पडून गळायला लागली, झाड तोडावं लागलं. मावशी दुकानातले गोल अक्रोड घालायला लागल्या, मग तेही बंद झाले. आणि गेली दोन वर्षं त्यांच्या दाराच्या मुठीला लाल फडकं कायमचं बांधलेलं. पावसात भिजून, उन्हात उडून ते गुलाबी झालं होतं. गल्लीला आधी वाटलं, मावशी अखंड फज करतात. मला कारण माहीत होतं, कारण मी मागच्या दारानं, लाकडं ठेवतात त्या पडवीतून आत जायची.

"मावशी, चूल थंड आणि दाराला फडकं?"

"हो."

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. फडकं असलं की शहाणी माणसं येत नाहीत."

"मी आलेच की."

"म्हणून तर म्हटलं, शहाणी."

ही गोष्ट मी खूप जणींना सांगितली आणि प्रत्येक वेळी हशा मिळवला. त्यामुळे फडकं खोटं आहे हे गल्लीत निदान मला तरी पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा.

यंदाचा मार्च संपत आला होता. छपरांवरून पाणी गळत होतं, नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते. दुपारी दोनच्या सुमारास मेनच्या नंबराची एक लांबलचक गाडी समोर थांबली. टोपी घातलेला म्हातारा चाकामागे बसून राहिला. दुसऱ्या बाजूनं इमेल्दामावशी उतरल्या. बारा वर्षांत वाळल्या होत्या, कोट खांद्यावरून घसरत होता. छातीशी एक पत्र्याचा डबा धरलेला. दोन पायऱ्या चढल्या, दार वाजवायला हात वर केला आणि त्यांना फडकं दिसलं.

हात खाली आला. त्या चवड्यांवर मागे सरल्या, पायऱ्या चोरपावलांनी उतरल्या आणि रस्ता ओलांडून माझ्या दारात आल्या. माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा कुजबुजत बोलल्या.

"पातेलं निवतंय."

"इमेल्दामावशी! कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर तिनं नको म्हटलं असतं." त्या माझ्या त्याच खुर्चीत बसल्या, खिडकीकडे तोंड करून. "बरंच झालं बघ. फार तर पाऊण तास. फडकं उतरलं की बरोब्बर घोटायच्या वेळेला मी आत. बोलायचं काहीच नाही. नुसता हात पुढे करायचा."

"आणि नाही दिला चमचा तर?"

"देईल गं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिच्या काड्यांनी ती काय घोटणार?" डब्याचं झाकण उघडून त्यांनी मला दाखवलं. सोललेले लांबट अक्रोड, गराची प्रत्येक अर्धी फोड अखंड, एकही तुकडा मोडलेला नाही. "आल्सीदच्या परसात झाड आहे. अख्खा हिवाळा फोडत होते. तिचं झाड गेलं ना. तूच सांगितलंस फोनवर."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मावशी, फडकं खोटं आहे, चला माझ्याबरोबर पडवीतून. दोन मिनिटांचं काम. पण त्या दोघी आमनेसामने आल्या की पहिल्या तासाभरात चुलीची गोष्ट निघणार, आणि निघाली की दोघी मिळून खिडकीतून माझ्या घराकडे बघणार. मी कॉफी ठेवली.

"लिझेत," त्या खिडकीवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुला गावातलं सगळं कळतं. एक सांग. माझं काय चुकलं होतं?"

मी त्यांच्या कपात साखर घातली, ढवळली. मग मी म्हटलं, "तुमचं काही नाही हो. वय झालं की माणसाचं डोकं जरा रवाळ होतं."

त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदाला त्या पहिल्यांदाच हसल्या नव्हत्या.

पाऊण तास झाला. बाहेर भोंगा वाजला. आल्सीदनं काच खाली केली. "इमेल्दा! उन्हं उतरली की पाणी गोठून रस्त्याची काच होते! माझे डोळे माझ्या आजोबांच्या वयाचे झालेत!"

"पाच मिनिटं!" त्या दारातून कुजबुजत ओरडल्या. अशी कुजबुज मी कधी ऐकली नव्हती. समोरच्या घराला ऐकू जाऊ नये आणि गाडीतल्याला मात्र जावी.

तास झाला. पुन्हा भोंगा. तिसऱ्या भोंग्याला त्या उठल्या. कोटाची बटणं लावायला वेळ लावला, पहिलं चुकीच्या काजात घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

"मोठं पातेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "ईस्टरचं असेल. तू दे तिला हा डबा. मी उन्हाळ्यात येईन."

"नक्की या."

गाडीत बसण्याआधी त्यांनी समोरच्या दाराकडे पुन्हा एकदा बघितलं. मला वाटलं, आता जातील, आता वाजवतील. पण पातेलं निवत असताना ते दार इमेल्दा पोमेर्लोनं जन्मात कधी वाजवलं नव्हतं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी पडवीतून आत गेले. पातेलं खिळ्याला टांगलेलं. मागच्या खोलीत रेडिओ मोठ्यानं लावून रोलांदमावशी मोजे रफू करत होत्या. मी डबा पुढे केला. त्यांनी झाकण काढलं. बराच वेळ त्या अखंड अर्ध्यांकडे बघत राहिल्या. एक उचलून उजेडात धरली.

"कोणी आणले?"

"आल्सीद इकडून चालला होता. देऊन गेला."

"एकटाच?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "एकटाच."

त्यांनी ती अर्धी परत डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि डबा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवला. ईस्टरला फज झाला नाही.

जूनमध्ये आल्सीदचा फोन आला, माझ्याकडे. इमेल्दामावशींनी माझाच नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता. सकाळी कॉफी ओतता ओतता त्या गेल्या. मी काहीतरी बोलले, माणूस बोलतं तसं. आल्सीदला मात्र बोलायचं होतं. "त्या दिवशी परतताना सीमेपर्यंत एकच घोकत होती," तो म्हणाला. "एवढा वेळ लागत नाही निवायला. एवढा वेळ लागत नाही. मी म्हटलं, कसला वेळ? तर म्हणाली, तिनं गाडी बघितली असणार, आल्सीद. बघून फडकं ठेवलं."

फोन ठेवला तेव्हा खुर्चीत एक बाई बसलेली होती, डोक्याला अर्धेच रोलर. मी तिला तशीच सोडून रस्ता ओलांडला. पुढच्या दाराशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते दार वाजवलं. फडक्यासकट.

रोलांदमावशींनी उघडलं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "आज पुढून? कोण मेलं?"

मी सांगितलं. त्या भिंतीला धरून डुलखुर्चीत बसल्या. मग मी बाकीचं सांगितलं. बाजार, नक्कल, मार्च, खुर्ची, एक तास आणि वर किती मिनिटं ते. मधे एकही विनोद केला नाही. मला वाटलं होतं, त्या मला हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"चुलीचं तुझं होतं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "इमेल्दाला असलं सुचत नाही. तिला सुचायला आठवडा लागतो."

"मग..."

"सगळे हसले. तू म्हटलंस म्हणून नाही हसले, पटलं म्हणून हसले. मला वाटलं, एकदा घोटून दाखवावं." त्यांनी आपले हात मांडीवर उलटे करून बघितले. "मग जमेना. जमेना तर चमचा परत कसा द्यायचा? वाटलं, ती विचारील. काय झालं रोलांद, असं एकदा विचारील. मी वाट बघत राहिले."

"तिनं विचारलं, मावशी."

"कधी?"

"मला. दोनदा."

"तुला." त्या घड्याळाकडे बघत राहिल्या, मागे पडलेल्याच. "तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. रवाळ डोक्याचं, जसंच्या तसं.

त्यांनी उठून दार उघडलं. मला वाटलं, माझ्यासाठी उघडलं. पण त्या बाहेर गेल्या, मुठीचं फडकं सोडवायला लागल्या. दोन वर्षांत गाठ आवळून दगड झाली होती. त्यांची बोटं चालेनात, माझीही चालेनात. शेवटी सुरीनं कापलं.

पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी पडवीतून गेले नाही. मग एका सकाळी त्या दारात आल्या, रस्त्यापलीकडून हाक मारली, "लिझेत! इकडे ये. पुढच्या दारानं."

आत गेले तर पातेलं निवून ओट्यावर, शेजारी तो डबा उघडा, लोणी लावलेलं ताट. त्यांनी लाकडी चमचा माझ्या हातात दिला.

"घोट."

"मावशी, मला काय येतंय?"

"मलाही येत नाही. घोट."

मी घोटायला लागले. पाच मिनिटांत खांदा भरून आला. केसांत कंगवा फिरवणारे हात हे, त्यांना काय ठाऊक. पाक जड होत चालला, रंग हलका झाला. खिडकीतून ऊन पडलं होतं, त्यात तो चकाकत होता, की ऊनच चकाकत होतं, मला सांगता येईना. रोलांदमावशी ओंजळीत अक्रोड घेऊन उभ्या, एकेक अर्धी अखंड.

"आता?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? मी चूल."

मी घोटत राहिले. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी एकदम ओंजळ पातेल्यात सोडली, मी दोन वेढे दिले आणि तिसऱ्या वेढ्याला चमचा हललाच नाही. उभाच्या उभा रुतून बसला.

आम्ही दोघी टेबलाशी बसून सुऱ्यांनी पातेल्याच्या कडा खरवडत होतो. मावशींना एक तुकडा मिळाला, त्यात अक्रोडाची अख्खी अर्धी होती. त्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"उशीर झाला," त्या म्हणाल्या. "जरासाच."